नागपूरकर सावकाराचा शिर्डीतला वाडा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला 'घर'. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळ्यांनी मिळून घरं बांधली, त्याचा हा सोहळा, म्हणून घरावर बोला म्हणाले. घरावर बोलायचं म्हटलं की लोक कविता तरी म्हणतात नाहीतर मेंटेनन्सचा विषय काढतात. मी बांधकामातला माणूस. मला या दोन्हींपैकी काही जमणार नाही. मी तुम्हाला एका घराची गोष्ट सांगतो. ते बांधलं आपल्या नागपूरच्या माणसाने. या हॉलमधल्या बहुतेकांनी ते घर आतून पाहिलेलं आहे, त्याच्या दारात तासन्‌तास उभे राहिलेले आहात. पण ते कुणाचं तरी घर होतं, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

शिर्डीचं साईबाबांचं समाधी मंदिर. ते मंदिर म्हणून बांधलेलं नाही. तो वाडा आहे. गावातले जुने लोक त्याला बुटी वाडा म्हणत, दगडी वाडा म्हणत. बुटी म्हणजे आपल्या सीताबर्डीचे श्रीमंत गोपाळराव मुकुंद बुटी, बापूसाहेब बुटी.

बुटी हे नाव नागपूरकरांना नवीन नाही. वर्धा रोडवर बुटीबोरीची एमआयडीसी आहे, आपल्याकडचे किती तरी लोक रोज तिथे ड्युटीला जातात. बोरी गावाला 'बुटी' जोडलं गेलं ते याच घराण्यावरून, असं आपल्याकडे सांगतात.

आता सावकाराचं घर म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. कारण त्याशिवाय शिर्डीत काय घडलं त्याची गंमत कळायची नाही.

1854 साली भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्यानंतर बंदोबस्त झाला आणि मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. 1867 साली नागपूरला रेल्वे आली, 1877 साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस, धान्य, सागवान, सगळ्याचा व्यापार वाढला. ज्याच्या हातात रोकड होती त्याला दिवस चांगले आले. सावकार कर्ज देणार, हुंडी वटवणार, मालगुजाऱ्या घेणार. अशा माणसाच्या घरात एकाच छपराखाली दोन घरं असतात बघा. पुढे धंद्याचं, मागे संसाराचं.

मोठा दरवाजा, त्यात माणूस वाकून जाईल अशी छोटी दिंडी. आत देवडी, तिथे पहारेकरी. मग चौक. चौकाभोवती ओसरी. ओसरीवर पेढी: पांढरी गादी, लोड-तक्के, उतरत्या झाकणाचं छोटं मेज, त्यावर दिवाणजींची रोजकीर्द नि खतावणी. कर्ज मागायला आलेला कुणबी इथपर्यंत येणार. पुढे नाही. पुढे माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, आणि त्याच बाजूला कुठेतरी आतल्या अंगाला देवघर. देव हा घरातला. तो पाहुण्याला दिसायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बांधकामाचंही थोडं सांगतो, राहवत नाही म्हणून. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचा सांगाडा लाकडी असतो. सागाचे खांब. खांबाखाली दगडी तळखडा, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल लागत नाही. वर तुळया, तुळयांवर कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच-सहा फूट. जुनी माणसं घराचं माप चौरस फुटांत सांगत नसत, 'पाच खणी घर', 'सात खणी घर' असं म्हणत. आपण 'टू बीएचके' म्हणतो तसंच. भिंती विटा-मातीच्या, दोन-दोन फूट जाड. भिंतीवर घराचा फारसा भार नसायचा, भार खांबांवर. भिंत होती ती उन्हासाठी आणि चोरासाठी. दुपारी बाहेर पंचेचाळीस डिग्री असलं तरी ती उष्णता जाड भिंतीतून आत यायला कित्येक तास लागतात, आणि येते तेव्हा रात्र झालेली असते, माणसं अंगणात बाजा टाकून झोपलेली असतात. गरम हवा चौकातून वर निघून जाते. कूलरचा शोध लागायच्या आधीची ही सोय. वर कवेलूचं छप्पर, मागे सांधवाडी. आपल्या चार इंची भिंतीच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात काय होतं ते मी सांगायला नको.

तर अशा एका मोठ्या घराचा मालक म्हणजे गोपाळराव बुटी. त्यांच्या सीताबर्डीच्या घराची एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळ जणांनी पारायणात वाचलेली आहे, पण शिर्डीशी तिची सांगड कुणी घालत नाही. दासगणू महाराजांच्या 'गजानन विजय' ग्रंथात ती येते. बुटींनी शेगावहून गजानन महाराजांना नागपूरला आपल्या घरी आणलं, आणि त्यांना परत जाऊच देईनात. घरात रोज भजन, रोज पंगती. सगळी बडदास्त. पण इकडे शेगाव सुनं पडलं. शेवटी हरी पाटील मंडळी घेऊन नागपूरला आले. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. म्हणजे ती देवडी नि ती दिंडी, आत्ता मी सांगितली ती, इथे कथेत उभी आहे बघा. सावकाराच्या घरात संत आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला पहारेकऱ्याची परवानगी पाहिजे! महाराज स्वतःच निघाले. बुटींच्या पत्नी जानकाबाईंनी हरी पाटलांना विनवणी केली, निदान जेवल्याशिवाय जाऊ नका. जेवणं झाली आणि महाराज निघाले. वाटेत रघुजीराजे भोसल्यांकडे गेले, रामटेकला गेले, आणि शेगावला परत.

गजानन महाराजांनी 8 सप्टेंबर 1910 ला समाधी घेतली, म्हणजे हे सगळं त्याच्या आधीचं. आणि एकटे बुटीच असं करत होते असंही नाही. याच रघुजीराव भोसल्यांनी 1908 साली ताजुद्दीन बाबांना पागलखान्यातून काढून आपल्या शक्करदऱ्याच्या राजवाड्यात नेऊन ठेवलं होतं. त्या काळच्या नागपुरात ऐपतदार माणसाला वाटायचं, संत आपल्या घरी असावा. त्यात भक्ती होती, खरी होती. थोडा मालकीहक्कही होता, असं मला वाटतं. रागवू नका.

त्यानंतर बुटी शिर्डीला जाऊ लागले. आज समृद्धी महामार्गाने आपण सकाळी निघून दुपारच्या आरतीला पोचतो. नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. त्या काळी नागपूरहून रेल्वेने भुसावळमार्गे मनमाड, मनमाडहून दौंडच्या गाडीने कोपरगाव, आणि तिथून गोदावरी ओलांडून टांग्याने शिर्डी. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, टिळकांचे सहकारी, तेही असेच जात. ते 1911-12 च्या हिवाळ्यात तिथे काही महिने राहिले आणि रोजनिशी लिहीत गेले, त्यात बुटींचे उल्लेख आहेत. दाभोलकरांच्या 'साईसच्चरिता'त एक छान निरीक्षण आहे: बाबांपुढे मोठमोठे लोक वाद घालत, प्रश्न विचारत, पण खापर्डे, नूलकर आणि बुटी हे तिघं तोंड उघडत नसत. खापर्डे म्हणजे कोर्ट आणि कौन्सिल गाजवणारा माणूस, बुटी कोट्यधीश. आणि समोर एका पडक्या मशिदीत, फाटक्या कफनीत बसलेला फकीर.

शिर्डीत तेव्हा बाहेरच्या माणसाला राहायची सोय नव्हती. 1908 मध्ये हरी विनायक साठ्यांनी निंबाच्या झाडाजवळ एक वाडा बांधला. मग मुंबईचे सॉलिसिटर काकासाहेब दीक्षित यांनी दुसरा बांधला, 10 डिसेंबर 1910 ला त्याची पायाभरणी झाली. हे दोन्ही वाडे म्हणजे खरं तर भक्तांसाठीच्या धर्मशाळाच. बुटींचा तिसरा, 1915-16 च्या सुमारास सुरू झालेला, आणि तिघांत सर्वांत मोठा. दगडी.

जागेचीही गंमत आहे. त्या जागेवर पूर्वी बाबांनी स्वतः फुलबाग केली होती. राहात्याहून जाई-जुईची, झेंडूची रोपं आणून लावली. वामन तात्या नावाचे गृहस्थ रोज दोन कच्चे घडे देत. कच्चे म्हणजे न भाजलेले. बाबा त्यांनी पाणी घालत, संध्याकाळी घडे निंबाखाली ठेवत, ते तिथेच विरघळून फुटत, दुसऱ्या दिवशी नवे दोन. तीन वर्षं हे चाललं. प्लॉटला सोसायटीच्या भाषेत म्हणायचं तर 'ओपन स्पेस'! आपल्या ओपन स्पेसवर मंदिर की बगीचा यावर मी आज एक शब्दही बोलणार नाही असं मी सचिवांना कबूल केलेलं आहे, तेव्हा पुढे जातो.

वाड्याची सुरुवात 'साईसच्चरिता'त अशी दिली आहे. दीक्षित वाड्यात झोपले असताना बुटींना स्वप्न पडलं की बाबा म्हणतात, तू वाडा बांध, देऊळही बांध. जागे झाले तर शेजारी झोपलेले शामा, म्हणजे माधवराव देशपांडे, रडत होते. त्यांनाही तेच स्वप्न. दोघांनी बसून आराखडा काढला, काकासाहेब दीक्षितांनी पाहिला, बाबांनी होकार दिला. प्लॅन सँक्शन व्हायला एक दिवस लागला, नोंद घ्या!

काम शामांच्या देखरेखीखाली सुरू झालं. तळघर, तळमजला, विहीर, एवढं त्यांनी करवून घेतलं. नंतर बापूसाहेब जोग बघू लागले. बाबा रोज लेंडीबागेत जाता-येता त्याच रस्त्याने जात, आणि थांबून सांगत, इथे खिडकी ठेवा, इथे दार ठेवा. हे वाचलं की मला फार बरं वाटतं. साइटवर येऊन खिडक्यांच्या जागा बदलणारे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले, आणि सगळ्यांच्या सूचना काही ऐकण्यासारख्या नव्हत्या. पण ज्याने आयुष्यभर मशिदीत आणि एक दिवसाआड चावडीत झोप काढली, स्वतःचं घर असं कधी केलं नाही, तो माणूस दुसऱ्याच्या घराची खिडकी कुठे असावी याचा विचार करत होता.

आता इथे आराखड्यात एक बदल झाला, आणि माझ्या मते या घराची सगळी कथा त्या एका बदलात आहे. काम चालू असताना बुटींच्या मनात आलं की मधोमध गाभारा करावा आणि त्यात मुरलीधराची मूर्ती बसवावी. शामांनी बाबांना विचारलं. बाबांनी आनंदाने परवानगी दिली, आणि देऊळ पुरं झालं की आपणही तिथे राहायला येऊ, अशा अर्थाचं काही बोलले. नारळ फुटला, गाभाऱ्याचा पाया खणला, चौथरा झाला. मूर्तीची ऑर्डर गेली.

मी मघाशी म्हटलं ना, वाड्यात देवघर आतल्या अंगाला असतं? आणि मध्यभागी असतो चौक, मोकळा, आभाळाकडे उघडा. बुटींनी देव आतल्या खोलीतून काढला आणि घराच्या पोटात आणून ठेवला. कागदावर हा छोटा बदल दिसतो. पण घराची अख्खी रीत उलटी होते. जो देव सगळ्यांत आत, तो आता सगळ्यांत आधी दिसणार. देवाला भेटायला आलेल्या परक्या माणसाला देवडीवर थांबवता येणार नाही, कारण तो मालकाला भेटायला आलेलाच नाही. खाली देऊळ, वर बुटींच्या कुटुंबाने येऊन-जाऊन राहायचं, असा बेत होता. पण अशा घरात मालकच पाहुणा होतो. सीताबर्डीच्या घरात संताला पहारेकऱ्याच्या आत ठेवलं, तेव्हा तो राहिला नाही. शिर्डीच्या घरात पहारेकऱ्याची जागाच उरली नाही. बुटींनी हे ओळखून केलं की नुसतं मनात आलं म्हणून केलं, हे आता कोण सांगणार. आराखडा मात्र तसा आहे.

1918 चं साल. महायुद्ध संपत आलेलं, महागाई, आणि वर इन्फ्लुएन्झाची साथ देशभर पसरलेली. सप्टेंबरच्या शेवटी बाबांना ताप आला. वाडा जवळजवळ पुरा झाला होता, गाभारा रिकामा होता. बुटींना काळजी लागली: बाबांचे पाय या वाड्याला लागतात की नाही? एवढा खर्च केला तो वाया गेला, असं त्यांच्या मनात आलं, हे 'साईसच्चरित' लपवत नाही. मला ते फार माणसासारखं वाटतं. 15 ऑक्टोबर 1918, मंगळवार, दसऱ्याचा दिवस, दुपारी अडीचच्या सुमारास मशिदीत बाबांनी देह ठेवला. त्याआधी मशिदीत बरं वाटत नाही, मला वाड्यात न्या, असं त्यांनी म्हटल्याचं सांगतात.

आणि मग गावात वाद झाला. हा भाग आपण लवकर विसरतो, आणि तो विसरू नये. काही मंडळींचं म्हणणं होतं की देह मोकळ्या जागेत पुरावा आणि वर कबर बांधावी. त्यात मुसलमान भक्त होते, आणि राहात्याचे खुशालचंद शेठही होते. दुसरीकडे रामचंद्र पाटील ठाम होते की वाड्यातच ठेवायचा. म्हणजे हा सरळ हिंदू-मुसलमान असा वाद नव्हता. दोन्ही बाजूंना बाबांना आपलं मानणारी माणसं होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच खरं कळलंय. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला समजतं. फकिराला कुणा सावकाराच्या घरात कशाला बंद करायचं, हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, चर्चा चालूच. शेवटी एकमत झालं. बुधवारी संध्याकाळी देह मिरवणुकीने वाड्यात आणला आणि मुरलीधरासाठी बांधलेल्या त्या मधल्या गाभाऱ्याच्या जागी विधिपूर्वक समाधी दिली.

या सगळ्यात मालकाचं काय? ज्याच्या पैशाने दगडन्‌दगड चढला, त्याचं घर एका संध्याकाळीत घर राहिलं नाही. आपल्याकडे साधी पार्किंगची जागा सोडायची म्हटली तर तीन सभा होतात. हसू नका, मीही त्या सभांत हिरिरीने बोललेलो आहे. बुटींनी वाडा दिला. 1922 साली शिर्डी संस्थानाची रीतसर व्यवस्था झाली, पण त्याआधीच तो वाडा गावाचा झाला होता, आणि मग देशाचा.

समाधीवर सुरुवातीला मूर्ती नव्हती, बाबांचं छायाचित्र होतं. आज आपण जी पांढरी संगमरवरी मूर्ती बघतो ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली आणि 7 ऑक्टोबर 1954 ला, दसऱ्यालाच, ती बसवली. म्हणजे छत्तीस वर्षं लोक नुसत्या समाधीपुढे नि फोटोपुढे हात जोडत होते. गर्दी वाढत गेली तशी इमारतीत भर पडत गेली, मंडप झाला, रांगांची सोय झाली, संगमरवर लागला. त्यामुळे वाडा आता ओळखू येत नाही. साठे वाडा तर आज उभाच नाही. दीक्षित वाडा आहे, त्यात वस्तुसंग्रहालय आहे.

मालगुजारी 1951 च्या सुमारास कायद्याने गेली. सावकारांचे वाडे त्यानंतर हळूहळू मोडत गेले. महालात चिटणीस वाड्यासारखे काही उभे आहेत, त्यांचे सागाचे खांब बघण्यासारखे आहेत, मुलांना एकदा घेऊन जा. बाकी ठिकाणी वारसांच्या वाटण्या, दुकानाचे गाळे, मग बिल्डर. यात मी कुणाला नावं ठेवत नाही. पंधरा वारसांनी एक चौक कसा राखायचा? पण आपल्या शहरातल्या एका सावकाराचं जे घर सगळ्यांत जास्त टिकलं, ते शिर्डीत आहे, आणि त्यात त्याच्या घरचं कुणी राहत नाही.

जानेवारीत आपली सोसायटीची बस शिर्डीला जाणार आहे म्हणून एवढंच सांगतो. रांगेत उभे असाल तेव्हा मोबाइल जमा केलेलाच असतो, नजर मोकळी असते. समाधीपुढे आलात की सेकंदभर वाकता आणि सेवेकरी पुढे ढकलतो. त्याच्या आधी, हॉलमध्ये असतानाच, समाधी इमारतीत नेमकी कुठे आहे ते बघा. आजूबाजूला खोल्या होत्या, वर माडी होती, खाली तळघर होतं, ते मनात बसवा. आपण एका वाड्याच्या मधल्या चौकात उभे आहोत असं समजून बघा. बाहेर पडल्यावर द्वारकामाईपासून लेंडीबागेपर्यंत चालत जा. बाबा रोज जात तोच तो रस्ता, आणि याच रस्त्यावरून ते आत वळून गवंड्यांना सांगत, की इथे खिडकी ठेवा.